सिरिंजा तू मोडल्यास, पण त्या रात्री त्यानं काय वापरलं?

पत्र :

ताई, माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. भिवंडीच्या एका गोदामात रात्रपाळीला असतो. मी सध्या माहेरी राहते, माझी चार वर्षांची मुलगीही सोबत आहे. महिन्यापूर्वी त्याच्या बॅगेत केशरी टोपणाच्या, इन्सुलीनसाठी वापरतात तसल्या पाच-सहा सिरिंजा सापडल्या. आमच्या घरात मधुमेह कुणालाच नाही. खोदून विचारल्यावर म्हणाला, आधी ब्राऊन शुगर पन्नीवर ओढायचो, आता वर्षभर टोचून घेतो. तिघं मित्र मिळून करतात. सिरिंज कमी पडली तर एकच तिघांत फिरते. ‘गरम पाण्यानं धुऊन घेतो, आणि तिघंही चांगल्या घरचे आहोत,’ असं त्याचं म्हणणं. मी त्या सिरिंजा मोडून कचऱ्यात टाकल्या. आईनं त्याचं ताट-भांडं वेगळं केलंय, आणि दुसरीकडे मामांनी संगमेश्वरकडचं स्थळ आणलंय. मुलीकडच्यांना काहीच माहीत नाही. आई म्हणते, लग्न झालं की ताळ्यावर येईल. अशा मुलांमध्ये एचआयव्ही कितीजणांना असतो? त्याला न सांगता लॅबमधून रक्त तपासून घेता येईल का? माझ्या मुलीला काही धोका आहे का? आणि लग्नाबद्दल मी गप्प बसू का?

– एक वाचक, कल्याण

उत्तर :

आधी तुझ्यावर थोडी रागावते, मग बाकीचं बोलू.

सिरिंजा मोडून टाकल्यास. कुठलीही बहीण तेच करील. पण त्या रात्री तो गोदामावर गेला तेव्हा काय झालं असेल? नशा वेळेवर मिळाली नाही की शरीराचे जे हाल होतात, ज्याला या मुलांच्या भाषेत ‘टर्की’ म्हणतात, ती लागली असेल. नाक-डोळे गळतात, जांभयांवर जांभया येतात, पोटात मुरडा, हाडं कुणी आतून पिळल्यासारखी. अशा अवस्थेतला माणूस ‘आज सुई नाही, तर राहू दे’ म्हणत नाही. तो शेजारच्याची घेतो. तू मोडलेल्या सहा सिरिंजा म्हणजे त्याच्या स्वतःच्या सहा सिरिंजा होत्या, हे लक्षात घे.

ही चूक तुझ्या एकटीची नाही. एका अख्ख्या शहरानं ती केली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या एडिनबरात हेरॉइनचा सुळसुळाट झाला. पोलिसांनी सिरिंजा जप्त करायला सुरुवात केली आणि दुकानांतून त्या मिळणं बंद झालं. पोरांनी नशा सोडली नाही, एकेक सिरिंज दहाजणांत फिरवली. १९८६ मध्ये तिथल्या एका दवाखान्यातल्या टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या तपासण्यांचे आकडे प्रसिद्ध झाले, तर निम्म्यांहून अधिक जणांना एचआयव्हीची लागण झालेली. शेजारच्या ग्लासगोत त्याच काळात हे प्रमाण अगदी थोडं होतं.

आता तुझा पहिला प्रश्न, किती जणांना. भारतात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २०२१ च्या अंदाजानुसार ०.२१ टक्के होतं, म्हणजे हजारात दोघं. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पाहणीत टोचून नशा करणाऱ्यांमध्ये ते ९ टक्क्यांच्या घरात निघालं, म्हणजे शंभरात नऊ. आणि असे लोक थोडेथोडके नाहीत. एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात त्यांचा अंदाज साडेआठ लाखांचा होता. ज्या राज्यांत त्यांची संख्या मोठी आहे, त्यांत पंजाब, दिल्ली, मणिपूर यांच्या जोडीनं आपल्या महाराष्ट्राचंही नाव होतं.

पण ‘शंभरात नऊ’ ऐकून ‘म्हणजे एक्याण्णव सुटले’ असा हिशेब आई करील, तो करू देऊ नकोस. या विषाणूची चाल सरळ नसते. मणिपूरचं उदाहरण मी समुपदेशकाच्या प्रशिक्षणात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वही मिटून बसले होते. म्यानमारच्या सीमेवरून तिथं स्वस्त हेरॉइन येत होतं, पोरं टोचून घेत होती. १९८९ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तपासलेल्या रक्तात एचआयव्ही सापडत नव्हता. त्यानंतर सहा महिन्यांत तपासलेल्या टोचून घेणाऱ्यांपैकी निम्म्यांमध्ये तो निघाला. सहा वर्षं नव्हे, सहा महिने! एका घोळक्यात एकाला झाला की सुई तो उरलेल्यांपर्यंत पोचवायला फार वेळ घेत नाही. तुझ्या भावाचा घोळका तिघांचा आहे असं तो म्हणतो. त्या दोघांचे आणखी कोण दोघं-तिघं आहेत, हे त्यालाही ठाऊक नसणार.

आणि ‘चांगल्या घरचे’! हा शब्द मी समुपदेशनाच्या खुर्चीत बसून इतक्यांदा ऐकलाय की आता नुसतं हसू येतं. गर्दुल्ला म्हणजे पुलाखाली गोणपाट पांघरून पडलेला माणूस, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यामुळे इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या पोराला स्वतःचा धोका दिसतच नाही. अशी पोरं एकमेकांची घरं बघून सुई वाटून घेतात. घर चांगलं असेल, पण रक्त आडनाव बघून वाहत नाही.

माझा अनुभव असा की, ‘एचआयव्ही सुईनं होतो का?’ असं विचारलं की बहुतेक मुलं बरोबर उत्तर देतात. अज्ञान तिथं नाही, त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. शीर सापडली की नाही हे बघायला टोचणारा सिरिंजचा दांडा किंचित मागे ओढतो आणि नळीत रक्त येतं. ते सगळं परत आत जात नाही, थोडं टोकाशी राहतं. उघड्यावर हा विषाणू फार टिकत नाही, पण सिरिंजच्या बंद नळीत तो कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. गरम पाण्यानं धुतलं म्हणजे डोळ्यांना दिसणारा लाल रंग गेला, एवढंच. एचआयव्ही असलेल्याची सुई एकदा वापरली तर लागण होण्याची शक्यता साधारण दीडशेत एक धरतात. ऐकायला कमी वाटतं. दिवसातून दोन-तीनदा टोचणाऱ्याचं वर्षात किती वेळा टोचून होतं, ते मोज.

शिवाय सुई वेगळी ठेवूनही वाटणी होतच असते. तिघांनी पैसे घालून माल आणला की तो एकाच चमच्यात, एकाच पाण्यात विरघळवतात. एकाच कापसातून ओढून घेतात. किंवा एकाच्या सिरिंजमध्ये सगळं भरून दुसऱ्यांच्या सिरिंजमध्ये थोडं थोडं सोडतात, म्हणजे वाटणी बरोब्बर होते. या मुलांना विचारलं की म्हणतात, ‘आम्ही सुई शेअर करत नाही.’ खोटं नाही बोलत ती. त्यांच्या लेखी सुई म्हणजे फक्त सुई. यकृताला होणारा हेपटायटिस सी तर या चमच्या-कापसातून एचआयव्हीपेक्षाही सहज पसरतो, आणि त्याचं नाव अनेकांनी ऐकलेलंही नसतं.

तेव्हा भावाशी बोलताना ‘तू नशा सोड’ इथून सुरुवात करू नकोस. ते त्यानं हजारदा स्वतःशीच म्हणून झालंय. ‘तुझी सिरिंज, तुझा चमचा, तुझं पाणी, कुणाला द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही’ इथून कर. नशा सुटायला वर्ष लागेल, तीन वर्षं लागतील, मध्ये दोनदा परत घसरेल. विषाणूला मात्र एक रात्र पुरते. या दोन लढाया आहेत आणि दुसरी पहिलीसाठी थांबत नाही. आईला हे पटणार नाही. ‘म्हणजे आपणच त्याला सुई आणून द्यायची?’ असं ती विचारील. तुम्ही द्यायची गरज नाही. एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली काही संस्था हेच काम करतात : नवीन सिरिंजा देतात, वापरलेल्या मोजून परत घेतात, गळवांवर मलमपट्टी करतात. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारखी संस्था १९९० च्या दशकापासून यात आहे. तिथं काम करणाऱ्यांत स्वतः यातून गेलेली माणसं असतात. भाऊ तुझ्यापेक्षा त्यांचं लवकर ऐकेल, वाईट वाटून घेऊ नकोस. एचआयव्ही-एड्सच्या २०१७ च्या कायद्यानं या कामाला संरक्षण दिलेलं आहे. ते बेकायदा नाही.

त्याच कायद्यात तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘फुल बॉडी चेकअप’च्या नावाखाली त्याचं रक्त तपासायचं तुझ्या मनात असेल, तर ते काढून टाक. माणसाला समजावून, त्याची संमती घेऊन मगच ही चाचणी करता येते, आणि निकाल त्याचा असतो. कायदा क्षणभर बाजूला ठेवू. समज, चोरून तपासलंस आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मग? त्याला सांगणार कशी? आणि निगेटिव्ह आला तर ‘धुऊन वापरतो तेच बरोबर’ असा तो अर्थ काढणार.

सरळ त्याला घेऊन सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-चाचणी केंद्रात जा. चाचणी फुकट असते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. तू बाहेर बाकावर बस. आत त्याला एकट्याला जाऊ दे, तुझ्यासमोर तो खरं सांगणार नाही. निगेटिव्ह आलं तरी शेवटच्या वेळी सुई वाटून घेतल्यापासून तीन महिने झाल्यावर पुन्हा तपासायचं, कारण सुरुवातीचे काही आठवडे लागण असूनही चाचणीत दिसत नाही. टोचणं चालूच असेल तर दर सहा महिन्यांनी. त्याच फेरीत हेपटायटिस बी आणि सीची चाचणीही करून घ्या. सीवर २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट गोळ्या मिळतात आणि बहुतेकांचा तो तीन महिन्यांत बराही होतो. बीची लस आहे.

पॉझिटिव्ह आला तर जग बुडत नाही, हे मी रीत म्हणून सांगत नाहीये. २००४ च्या एप्रिलमध्ये जे. जे. रुग्णालयासह देशातल्या मोजक्या आठ केंद्रांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सुरू झाली, तेव्हा आम्ही कुणाला आधी औषध मिळेल याच्या याद्या करत होतो. आज ज्याला लागण आहे त्या प्रत्येकाला लगेच औषध सुरू करतात, बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती नेमानं घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येण्याइतका उरला नाही, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. सुईच्या बाबतीत मात्र अशी हमी नाही.

ताट-वाटीचं एका ओळीत सांगते : ताटातून, तांब्यातून, एकाच संडासातून, भाचीला कडेवर घेतल्यानं हा आजार होत नाही. आईला सांग, वेगळं काही करायचंच असेल तर त्याचं दाढीचं ब्लेड वेगळं ठेव, ते एरवीही ठेवावं.

तुझ्या मुलीला धोका आहे तो तुझ्या भावाचा नाही, इकडेतिकडे पडलेल्या सुईचा. म्हणून कचऱ्याच्या पिशवीत सुई टाकणं आजपासून बंद, सकाळी कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात ती जाते. जाड प्लॅस्टिकची झाकणाची बाटली भावाला दे. वापरलेली सिरिंज त्यानं स्वतः, टोपण पुन्हा न बसवता, तीत टाकायची, बाटली उंचावर ठेवायची आणि संस्थेत नेऊन द्यायची. देव न करो, पण पोरीला कधी टोचलंच, तर बोट पिळू नकोस, तोंडात घेऊ देऊ नकोस. वाहत्या पाण्याखाली साबणानं धू आणि थेट मोठं सरकारी रुग्णालय गाठ. लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. सकाळी ओपीडीत जाऊ म्हणून रात्रभर थांबू नकोस.

आता नशा सोडण्याबद्दल. ब्राऊन शुगर आणि तत्सम नशेसाठी ओएसटी म्हणून उपचार आहे. केंद्रावर रोज जायचं, कर्मचाऱ्यासमोर बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत तिथंच बसायचं. टर्की लागत नाही, डोकं ताळ्यावर राहतं, कामावर जाता येतं. मुख्य म्हणजे सुई हातातून सुटते. गंमत अशी की, हेच औषध इंजेक्शनच्या रूपात पुष्कळ पोरं नशा म्हणून टोचतात. त्यामुळे ‘एक व्यसन सोडवून दुसरं लावताय’ असं मामा म्हणतील. म्हणू देत. मामांनी टर्की बघितलेली नाही.

आईच्या मनात त्याला कुठल्या तरी केंद्रात ‘कोंडून’ घालायचं असेल, तर सावध राहा. चांगली केंद्रं आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण तुला माहीत असेलच. पण फोन केला की गाडी पाठवून पोराला रात्री उचलून नेणारी, मारहाण करणारी ठिकाणंही आहेत. कोंडून ठेवून महिनाभरानं सोडलेल्या मुलांबद्दल आणखी एक गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही. महिनाभरात शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्यावर पोरगा जुन्याच मापानं टोचतो आणि तो डोस त्याला झेपत नाही, श्वास थांबतो. या मुलांपैकी जे मी गमावले, त्यांतले कितीतरी एचआयव्हीनं नाही, असे गेले. ओठ निळे पडलेत, घरघर लागलीय, हाक मारून उठत नाही, असं कधी दिसलं तर कुशीवर वळव आणि १०८ लाव. पोलिसांची भीती वाटते म्हणून थांबू नका. अमली पदार्थांच्या कायद्यातही स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद आहे, हेही भावाला सांग. या भीतीपोटीच तो दवाखान्याची पायरी चढत नसेल.

राहिलं लग्न. इथं मी तुझ्या आईची बाजू घेणार नाही.

माझ्याकडे बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, सात महिन्यांची गरोदर, नेहमीच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघालेली. नवरा लग्नाआधीपासून टोचून घेत होता, सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. ‘बायको आली की सुधारेल’ म्हणून तिला आणलेलं. मी विषाणू, रक्त, सुई सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण बाई, मी तर कधी सुई बघितलीपण नाही.’ तिचं बाळ निगेटिव्ह राहिलं, औषधं वेळेत मिळाली. तिच्या त्या वाक्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ती एकटी नव्हती. मणिपूरमध्ये टोचून घेणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या बायकांचा अभ्यास झाला, २००० मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्वतः टोचून न घेणाऱ्या त्या बायकांपैकी ४५ टक्के जणींना लागण झालेली होती.

म्हणून गप्प बसू नकोस. पण संगमेश्वरला परस्पर फोन करून भावाची लक्तरंही टांगू नकोस. पहिली संधी त्याला दे. त्यानंच आईला आणि मामांना सांगायचं, ‘मला दोन वर्षं लग्न करायचं नाही.’ कारण सांगायची सक्ती नाही. तो न बोलला तर तू आईला सांग की मुलगी बघण्याचा कार्यक्रम ठरला, तर मी त्या मुलीला बाजूला घेऊन नशेबद्दल सांगणार आहे. आणि खरंच सांग. घरात भांडण होईल, चार महिने अबोला राहील. मामा म्हणतील, सासर सोडून आली आणि आता भावाचंही बिघडवते. तुझ्या पत्रात तू लिहिलं नाहीस, पण गप्प बसण्यामागची खरी भीती ही असणार, असं मला वाटतं. उद्या भाऊ सावरला, तपासण्या झाल्या आणि सगळं माहीत असूनही कुणी त्याला हो म्हणालं, तर लग्न करू दे, खुशाल करू दे. एचआयव्ही असला तरी करू दे. हरकत लग्नाला नाही, लपवण्याला आहे.

तुमच्या भागातली आयसीटीसी, ओएसटी केंद्र किंवा सिरिंजा देणारी संस्था कुठं आहे ते १०९७ वर फोन केलास की कळेल. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. दोन्हींना पैसे लागत नाहीत. त्याची रात्रपाळी सुटली की तो झोपायच्या आत गाठ, दुपारी उठल्यावर त्याला टर्की लागलेली असेल आणि तेव्हा तो कुणाचाच नसतो.

रिपोर्ट काय आला ते मला कळवू नकोस, तो त्याचा आहे. मामांना काय सांगितलंस, ते मात्र लिही.